पिंग जातो, स्कॅन येत नाही

नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयाचं नेटवर्क माझ्याकडे होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी अपघात विभागातून फोन आला. गडचिरोलीहून डोक्याला मार लागलेला पेशंट आला होता. सीटी स्कॅन झाला होता, पण न्यूरोसर्जन सरांच्या स्क्रीनवर उघडत नव्हता. "सकाळपासून नुसतं गोल गोल फिरून राहिलं, भाऊ," सिस्टर म्हणाल्या. शेवटी सर स्वतःच सीटीच्या खोलीकडे धावले.

तक्रार जुनीच. त्यावर इंटरनेटची जास्त स्पीडची लाइन घ्यायचा प्रस्तावही तयार होता. मला तो मुळीच पटत नव्हता. स्कॅन रेडिओलॉजीच्या सर्व्हरवरून अपघात विभागात येतो, म्हणजे आवारातल्या आवारात. इंटरनेटचा इथे संबंध येतोच कुठे?

पिंग, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारा छोटासा संदेश, मारला तर उत्तर लगेच. म्हणूनच "नेट चालू आहे" असा शेरा मारून प्रत्येक जण परत जात असे. मी 500 एमबीची फाइल पाठवून पाहिली. 100 एमबीपीएसवर तिला 40 सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागायला हवा. इथे ती रांगत होती. स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या पेटीवर, त्या विभागाच्या पोर्टची माहिती उघडली. लेट कोलिजनचा, म्हणजे डेटाच्या पाकिटांच्या उशिरा होणाऱ्या टकरींचा, आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता आणि वर लिहिलं होतं, हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच बाजूने पाठवायचं.

तिथेच उलगडा झाला. अपघात विभागातल्या कपाटावर धुळीने माखलेला जुना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी) होता, 100 एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाठवण्यावर, कायमचा बांधलेला. नव्याने बसवलेला स्विच मात्र ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलणी करून सेटिंग ठरवणारा. समोरचा बोलणी करत नसेल, तर ऑटोवरचा स्विच स्पीड ओळखतो, पण डुप्लेक्स हाफच धरतो. मग एक बाजू बिनधास्त पाठवत राहते, दुसरी त्यालाच टक्कर समजून थांबते. पिंगची चिमुकली पाकिटं त्यातून निसटतात. स्कॅनची रांग लागली की पाकिटं हरवतात, पुन्हा पाठवावी लागतात आणि टीसीपी, म्हणजे पाकिटं पोचली की नाही ते सांभाळणारी नेटवर्कची पद्धत, वेग आणखी उतरवते.

स्विचचा तो पोर्टही 100 फुलवर बांधला. लेट कोलिजन थांबले. सरांना फोन करून स्कॅन उघडायला सांगितलं. चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत सगळ्या स्लाइस आल्या होत्या. चंद्रपूर, भंडारा, छिंदवाड्याहून माणसं इथे शेवटचा आधार म्हणून येतात, त्यांच्या उपचारातली मिनिटं एका सेटिंगपायी जावीत याचा मला आजही संताप येतो.

लाइनचा प्रस्ताव बाजूला ठेवायला लावला. त्याऐवजी ते जुने कन्व्हर्टर काढून गिगाबिटचे मॉड्यूल मागितले, सीसीटीव्हीला वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा, दिला आणि दर आठवड्याच्या तपासणीत पिंगसोबत मोठी फाइल पाठवून पाहणं सक्तीचं केलं.