आजार परत आला होता की गोळी सुटत होती?

नैराश्यावरची गोळी मी चार वर्षं घेतली. सिटॅलोप्राम, 20 मिलिग्रॅम, रोज रात्री. सुरू करताना मला सांगितलं होतं, "मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालंय, ते भरून काढायचंय." तेव्हा मला अंथरुणातून उठवत नव्हतं, कारणं विचारायचं त्राण कुठून असणार? दोन महिन्यांत मी उठले, कामावर जायला लागले. ते श्रेय गोळीचं मी कधीच नाकारणार नाही.

शंका नंतर आली. आजी गेली तेव्हा घरभर रडारड चालली होती आणि मी कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना पाणी देत होते. आतून काही हलतच नव्हतं. गोळी किती दिवस घ्यायची, असं डॉक्टरांना विचारलं की "नीट चाललंय ना? मग राहू द्या," एवढंच उत्तर मिळायचं. फारच लावून धरलं तेव्हा म्हणाले, दोन आठवडे अर्धी घ्या, मग बंद.

बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी ते सुरू झालं. नजर डावीकडून उजवीकडे वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका. क्षणभराचाच, पण दिवसातून पन्नास वेळा. जिना उतरताना कठडा सोडायची हिंमत होईना. त्यात घाम, भलतीसलती स्वप्नं, ताईवर विनाकारण ओरडणं. डॉक्टर म्हणाले, "आजार उलटलाय. आता गोळी कायमची." मी पुन्हा घ्यायला लागले आणि दोन दिवसांत झटके थांबले. पहिल्यांदा याच गोळीला मला उठवायला दोन महिने लागले होते. मग आता दोन दिवसांत बरा झाला तो कुठला आजार? याचं उत्तर मला मिळालं नाही, आणि माझा विश्वास उडाला तो तिथे.

मग मी वाचत बसले. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला ठोस, सुसंगत पुरावा नाही, असं मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये जुन्या संशोधनाचा आढावा घेऊन मांडलं होतं. वाचून संताप झाला. पण 2018 चा 522 चाचण्यांचा आढावाही वाचला. त्यात तपासलेली नैराश्यावरची सगळी 21 औषधं, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली होती, फरक बहुतेक ठिकाणी मध्यमच असला तरी. म्हणजे औषध काम करतं, पण का करतं याची मला सांगितलेली गोष्ट कच्ची होती. मला राग आहे तो त्या गोष्टीचा.

घाईने गोळी बंद करायची नाही, हे एकदा भोगून कळलं होतं. ताईने दुसऱ्या डॉक्टर शोधल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झटके बंद केल्यावर कितव्या दिवशी आले?" मला तिथेच हायसं वाटलं. मग कागदावर एक वक्र रेषा काढली. 20 मिलिग्रॅमला, औषध मेंदूत ज्या जागांवर जाऊन बसतं त्यांपैकी साधारण 80 टक्के व्यापलेल्या असतात आणि 3.4 मिलिग्रॅमलाही जवळजवळ 50 टक्के. म्हणून वरून उतरणं सोपं, शेवटचा टप्पा कड्यासारखा. होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी 2019 मध्ये हेच मांडलं होतं. त्या असंही म्हणाल्या, की दीर्घकाळ गोळी घेऊन बऱ्या झालेल्यांवरच्या एका चाचणीत बंद करणाऱ्यांपैकी 56 टक्क्यांना वर्षभरात पुन्हा नैराश्य आलं, चालू ठेवणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना. "ठरवायचं तुम्ही."

मी ठरवलं. 10 मिलिग्रॅमपर्यंत गोळी, पुढे पातळ औषध आणि सुई नसलेली सिरिंज. एका मिलिलिटरमध्ये 2 मिलिग्रॅम. रोज रात्री दिव्यासमोर सिरिंज धरून बुडबुडा वर आणायचा, टिचकी मारायची, रेघ जुळवायची. उशाशी वही: तारीख, डोस, झोप, झटके. त्रास झाला की खाली जायचं नाही, त्याच डोसवर थांबायचं.

2 मिलिग्रॅमवर असताना एका दुपारी आजीची साडी हाताशी आली आणि मी तासभर रडले. घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "रडून झाल्यावर कसं वाटलं?" हलकं वाटत होतं. त्या म्हणाल्या, दोन आठवडे याच डोसवर राहा, बघू. काही उलटलं नाही.

चौदा महिने लागले. शेवटचा डोस 0.2 मिलिलिटर होता. त्यानंतरच्या पाचव्या दिवसाची नोंद: "झोप सात तास. झटका एक, बारीक. जिना कठडा न धरता उतरले." वही अजून उशाशीच आहे, कारण ते 56 टक्के मी विसरलेले नाही. दर रविवारी ताई ती चाळते, आणि काही खटकलं तर फोन तीच लावेल, हे आमचं ठरलंय.