आमची वाटचाल : रिवाइंडिंगच्या दुकानातून इथवर

सांगलीत वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वार्निशच्या वासात लहानाचा मोठा झालो. तासगाव भागातले द्राक्षबागायतदार जळकी मोटार टाकायला आले की एकच गाऱ्हाणं, "लाइट रात्रीची. थंडीत उठून बटण दाबायला जायचं किती दिवस?" त्यातनं आमचा कंट्रोलर निघाला. आत रास्पबेरी पाय (छोटासा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणि रिले बोर्ड, म्हणजे पायच्या इशाऱ्यावर चालणारी विजेची बटणं. बाहेर स्टार्टर आणि ड्रिपचे वाल्व.

पायवर ४० पिना. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आरपीआय-जीपीआयओ ही तयार कोडची लायब्ररी घेतली की चार ओळींत पिन चालू-बंद होते. इतकं सोपं, म्हणूनच फसलो. आधी नंबरांचा घोळ. मी पिना बोटानं मोजायचो, भाचा चिपचे नंबर धरायचा. त्याची १७ म्हणजे माझी ११. माझी १७ ही तर ३.३ व्होल्टची सप्लाय! शेवटी खोक्याच्या झाकणाला आतून तक्ता चिकटवला.

खरा फटका पुढे बसला. आमचे रिले पिन शून्यावर गेली की ओढणारे, म्हणजे चालू होणारे. आणि पिन नुसती आउटपुट केली की ती शून्यावरच येते. आमचा प्रोग्राम त्यानंतर सेन्सरसाठी दोन सेकंद थांबायचा, मग पिन वर ('हाय') न्यायचा, तेव्हा रिले सुटायचा. टेबलावर 'टक्' ऐकू यायचं. कोण लक्ष देतो? एका बागेत हा रिले स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडलेला. रात्री दोनला गेलेली लाइट आली, पाय सुरू झाला, टक्. स्टार्टरला तेवढं बास, कॉइल एकदा ओढली की धरूनच ठेवते. वाल्व दोन सेकंदांत मिटले, मोटार चालूच. सकाळी फिल्टरजवळचा जॉइंट उडालेला. पाइप आमच्या खिशातनं. "स्टार्टरला होल्डिंग असतं, हे मला विचारायचं होतंस की," वडील एवढंच म्हणाले. दुरुस्ती एका शब्दाची होती : पिन आउटपुट करतानाच सुरुवात 'हाय' द्यायची.

२०२३ मध्ये पाय ५ आला. त्यात पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या, जुनी लायब्ररी चालेना. सगळं जीपीआयओ-झिरो या दुसऱ्या लायब्ररीवर आणलं. तिथं रिले उलटा आहे हे एकदा सांगितलं की 'ऑन' म्हणजे ऑन. हे आधीच का नाही केलं, असं वाटलं.

आता खोकं बाहेर पडायच्या आधी वडील वीस वेळा सप्लाय काढून लावतात, कान रिलेला लावून. टक् आला की खोकं परत माझ्या टेबलावर.