दुबईऐवजी देवबाग: डिसेंबर २०२१ मधील एका सहलीचा वृत्तांत

१८ डिसेंबर २०२१ रोजी पहाटे साडेपाच वाजता आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, एकाहत्तर वर्षांची आई आणि नऊ वर्षांची लेक, कोथरूडहून स्वतःच्या गाडीने निघालो आणि दुपारी तीनच्या सुमारास मालवणजवळच्या देवबागेत पोहोचलो. त्याच्या महिनाभर आधीपर्यंत आमचा बेत दुबईचा होता. तो का बदलला आणि बदलल्यावर काय पदरी पडले, हे सविस्तर लिहीत आहे, कारण जानेवारी २०२२ च्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या सोसायटीतल्या तीन-चार कुटुंबांनी हाच प्रश्न मला जिन्यात थांबवून विचारला.

आमचे हात एकदा पोळलेले होते, हे आधी सांगितले पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये आम्ही सिंगापूरला जाणार होतो. २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली आणि ज्या प्रवासी संस्थेकडे पैसे भरले होते तिने रकमेऐवजी ‘क्रेडिट’ देऊ केले. टाळेबंदीत रद्द झालेल्या विमानतिकिटांच्या परताव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला, तेव्हा आम्ही तो दाखवला. त्यावर, तो निकाल तिकिटांपुरता आहे, हॉटेल आणि स्थलदर्शन यांचे पैसे त्यात येत नाहीत, असे उत्तर मिळाले. तिकिटांचे पैसे चौदा महिन्यांनी आले, उरलेल्यांवर आम्ही पाणी सोडले. तेव्हापासून घरात ‘पॅकेज’ हा शब्द उच्चारला की आई नुसती माझ्याकडे पाहते.

तरीही २०२१ च्या दिवाळीत दुबईचा विषय निघालाच. १ ऑक्टोबरपासून तिथे एक्स्पो सुरू झाला होता, एअर बबलच्या, म्हणजे नियमित सेवा बंद असताना दोन देशांनी आपसांत ठरवून विमाने चालवण्याच्या, करारामुळे मुंबईहून विमाने जात होती आणि आम्हा तिघा प्रौढांचे कोविशील्डचे दोन्ही डोस झालेले होते. आम्ही २१ ते २८ डिसेंबर असे दिवस धरून हिशेब मांडला. तिकिटे आणि हॉटेल हा त्यातला सोपा भाग होता. परदेशी पॅकेज घेतले तर १ ऑक्टोबर २०२० पासून त्यावर पाच टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आधीच वसूल करायचा प्राप्तिकर, तेव्हा कापला जात होता. तो प्राप्तिकराच्या विवरणात वळता करून घेता येतो, पण प्रवासाच्या वेळी खिशातून जातोच. निघण्यापूर्वी ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला आरटीपीसीआर अहवाल हवा होता, आणि त्याशिवाय विमान सुटण्याच्या सहा तासांच्या आत विमानतळावरच रॅपिड पीसीआर करून घ्यायची होती. तिचा मुंबईतला दर तेव्हा माणशी साडेचार हजारांच्या आसपास होता. बारा वर्षांखालच्या मुलांना सूट असल्याने आमचे तिघांचेच धरले, तरी साडेतेरा हजार रुपये नुसत्या नाकातल्या काडीचे झाले. परत येताना पाच वर्षांवरच्या प्रत्येकाचा ७२ तासांच्या आतला अहवाल ‘एअर सुविधा’ या सरकारी संकेतस्थळावर चढवायचा होता, म्हणजे तिथे लेकीचीही चाचणी आलीच.

आता कागदपत्रांची एक गोष्ट. आईच्या लसीकरण प्रमाणपत्रावर आधार कार्डाप्रमाणे नुसते नाव आणि आडनाव होते, पासपोर्टवर मात्र मधले नावही होते. लसीकरणाच्या कोविन संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय जून २०२१ पासून झाली होती, पण नावातली दुरुस्ती एकदाच करता येत होती. मी घाईत ती केली आणि मधल्या नावात एक इंग्रजी अक्षर गाळले. तो एक ‘एच’ पुढचे नऊ दिवस आमच्या घरात राहायला होता. परदेशी जायचे असो वा नसो, हे काम करताना शेजारी पासपोर्ट उघडा ठेवून दोघांनी मिळून अक्षर न् अक्षर वाचावे, एवढाच सल्ला मी देईन.

२६ नोव्हेंबर २०२१ हा दिवस आमच्या बेताच्या मुळावर आला. त्या दिवशी सरकारने १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने सुरू करण्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने नव्या विषाणूप्रकाराला ओमिक्रॉन हे नाव दिले. १ डिसेंबरला विमाने सुरू करण्याचा निर्णय मागे पडला. दरम्यान ३० नोव्हेंबरला आपल्या राज्याने परदेशातून येणाऱ्यांसाठी कडक आदेश काढले, केंद्राने त्यावर हरकत घेतली आणि दोन दिवसांत ते बदलले गेले. दुबई ‘जोखमीच्या देशां’च्या यादीत नव्हती, हे खरे. परंतु त्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी खरे तर २०२० मध्येच यायला हवी होती: जाण्याचे नियम निघण्याआधी वाचून काढता येतात, येण्याचे नियम मात्र आपण तिकडे असताना बदलतात. जाणे अडले तर फार तर पैसे बुडतात. येणे अडले तर आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, लेकीची शाळा आणि आमच्या दोघांच्या रजा हे सगळेच अडते. आम्ही पाहिलेल्या दोन्ही प्रवास विम्यांत तिकडे कोविड झाल्यास रुग्णालयाचा खर्च मिळणार होता, पण सरकारी आदेशामुळे मुक्काम वाढला तर काहीही मिळणार नव्हते.

म्हणून आम्ही ठिकाणांची यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न लावला. रात्री बातमी आली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, कोणाच्या परवानगीविना, आपण कोथरूडला पोहोचू शकू का?

या प्रश्नाने दुबई बाद झालीच, पण देशातलीही बरीच ठिकाणे गळली. आमच्या मनात बदामी आणि हम्पी होती, मात्र कर्नाटकाने नोव्हेंबरअखेरीस महाराष्ट्रातून आणि केरळातून येणाऱ्यांसाठी ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल पुन्हा सक्तीचा केला होता आणि निपाणीच्या अलीकडे कोगनोळीला गाड्या अडवून तो पाहिला जात होता. देशांतर्गत प्रवास म्हणजे बिनअटीचा प्रवास, हा समज त्या दोन वर्षांत बाळगण्यासारखा नव्हता. राज्याची सीमा हीसुद्धा सीमाच होती. राहता राहिला महाराष्ट्र. एसटीचा संप ऑक्टोबरअखेरपासून चालू असल्याने स्वतःची गाडी हवीच होती, आणि गाडीने जायचे तर आईला समुद्र पाहायचा होता.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. पुण्याहून देवबाग साधारण पावणेचारशे किलोमीटर पडते. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता कोणालाही सांगायला नको. त्यापुढे घाट कोणता उतरायचा हा खरा प्रश्न असतो, कारण जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत सह्याद्रीतले अनेक घाट खचले होते आणि फोनवरचा नकाशा दरड पाहत नाही. आम्ही आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी फोन करून विचारले आणि त्यांच्या सांगण्यावरून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली असे गेलो. दाजीपूरच्या जंगलातला रस्ता अरुंद आहे, पण सकाळी अकराच्या उन्हात तो इतका सुंदर दिसत होता की पत्नीने दोनदा गाडी थांबवायला लावली. उलटीचा त्रास असलेल्यांनी कोल्हापुरात मिसळ खाऊन या घाटाला लागू नये, हे मी अनुभवाने लिहीत आहे. अनुभव लेकीचा, सीटकव्हर माझे.

राहण्यासाठी आम्ही मोठे हॉटेल न घेता देवबागेतले एक घरगुती न्याहारी-निवास घेतले. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये गेलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूच्या अंगणातून खाडी दिसते आणि रस्ता ओलांडून माडांतून शंभर-दोनशे पावले गेले की समुद्र लागतो. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाच्या खुणा तिथे जागोजागी होत्या. काही माडांना शेंडेच नव्हते आणि घरावरचे पत्रे इतके नवे होते की दुपारी त्यांच्याकडे पाहवत नव्हते. आगाऊ रकमेविषयी मी पुणेरी पद्धतीने फोनवर बारीक चौकशी केली होती, तेव्हा घराच्या काकी म्हणाल्या होत्या, “आदी येवा तरी, पैशाचा मगे बघूया.” मी तरीही एका दिवसाचे भाडे पाठवून, निर्बंध आले तर ते पुढच्या तारखेसाठी धरावे, असे व्हॉट्सअॅपवर लिहून घेतले. असे लिहून घ्यायला कोणी वाईट वाटून घेत नाही, आणि घेतले तरी आपण घ्यावे.

आल्या आल्या काकींनी ताप मोजायचे यंत्र कपाळाला लावले आणि जाड वहीत आकडे लिहिले. चौघांचेही तापमान ३३ अंश भरले. “ह्या सगळ्यांकच तेहतीस दाखवता,” असे म्हणत त्यांनी ते तसेच नोंदवले, पण खोलीच्या खिडक्या दोन दिवस आधीपासून उघड्या ठेवल्या होत्या, जेवणाची पंगत अंगणात मांडली होती आणि दुसऱ्या कुटुंबाची वेळ आमच्यापेक्षा तासाभराने ठेवली होती. मुक्काम निवडताना मी आता यंत्र आणि सॅनिटायझर यांपेक्षा या तीन गोष्टी विचारतो. तिरफळ घातलेला बांगडा आणि वाटीत न मावणारी सोलकढी ही चौकशीविना मिळते.

सिंधुदुर्ग किल्ल्याला मात्र आम्ही चुकीच्या वेळी गेलो. मालवणच्या धक्क्यावर रविवारी सकाळी अकरा वाजता पोहोचलो, तेव्हा अख्खा पश्चिम महाराष्ट्र तिथे उतरला होता. होडीत अंतर पाळण्याची सूचना होती, पाळणारे कोणी नव्हते, आणि आधीच्या प्रवाशाच्या घामाने ओले झालेले जीवरक्षक जाकीट आईला घालायला दिले. तिने ते दोन बोटांनी धरले आणि मास्कवर पदर घेतला. आम्ही ती होडी जाऊ दिली, परत फिरलो आणि मंगळवारी सकाळी पहिल्या होडीने गेलो. तेव्हा होडीत आमच्याशिवाय चारच माणसे होती. महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात होडीवाले साधारण तासभर देतात. श्रीशिवराजेश्वराचे मंदिर, चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे, आणि समुद्राच्या मधोमध असूनही गोड पाण्याच्या विहिरी एवढे नीट पाहायचे तर तो तास गर्दीत पुरत नाही. ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांनी शनिवार-रविवार देवबागच्या संगमावर काढावेत आणि किल्ला आठवड्याच्या मधल्या दिवसासाठी राखावा. बुधवारी आम्ही रेडीच्या गणपतीला गेलो. तिथून तेरेखोलचा किल्ला अगदी जवळ आहे, पण तो गोव्याच्या हद्दीत येतो. लेकीचे लसीकरण झालेले नसल्याने आम्ही त्या वाटेला गेलो नाही, याचे तिला अजून वाईट वाटते.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी काकींच्या ओट्यावर बातम्या लागल्या आणि त्यात राज्यात रात्री ९ ते सकाळी ६ पाचपेक्षा अधिक लोकांनी सार्वजनिक जागी एकत्र येण्यास बंदी, उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने, असे आदेश आल्याचे कळले. आमचा मुक्काम २६ पर्यंत होता. गाडीने घरी जायला बंदी नव्हती, पण पुढच्या दोन दिवसांत काय येईल याचा भरवसा नव्हता. रात्रीच डबा सांगून ठेवला, २५ ला सकाळी सहाला निघालो आणि दुपारी साडेतीनला कोथरूडला चहा घेतला. उरलेल्या एका रात्रीचे भाडे काकींनी न मागता परत पाठवले.

त्याच सुमारास मुंबई महापालिकेने दुबईहून येणाऱ्या प्रवाशांसाठी सात दिवसांचे गृहविलगीकरण लागू केले. राज्याच्या इतर भागांत जाणाऱ्यांना सार्वजनिक वाहन वापरण्यास मनाई होती. त्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवून वाहनाची व्यवस्था केली जाणार होती. आमचे परतीचे विमान २८ डिसेंबरचे ठरत होते. ते वाचून आईने काही म्हटले नाही, फक्त सोलकढीसाठी आणलेले आगळ फडताळात वरच्या फळीवर ठेवले.

जानेवारी २०२२ च्या मध्यावर परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस घरी विलगीकरण होते आणि नियमित विमाने ३१ जानेवारीपर्यंत बंद ठेवलेली होती. मात्र १० जानेवारीपासून राज्यातले किल्ले आणि पर्यटनस्थळेही बंद होती, म्हणजे तेव्हा निघालो असतो तर सिंधुदुर्ग धक्क्यावरूनच पाहावा लागला असता. अशा निर्बंधांच्या काळात ज्यांना जायचे असेल त्यांनी मुक्काम अशा ठिकाणी घ्यावा जिथे काहीही ‘पाहण्यासारखे’ उघडे नसले तरी दिवस जातो. देवबागेत आम्ही सातांपैकी चार दिवस खाडीकाठी नुसते बसूनच काढले. आणि तेव्हा परदेशीच जायचे असते, तर परतीनंतरच्या सात दिवसांची रजा आणि मुंबईहून पुण्याला येणारी स्वतंत्र गाडी हे दोन्ही तिकिटाच्या आधी नक्की करावे लागले असते. काकींचा फोन क्रमांक हवा असल्यास मला जिन्यात नव्हे, संध्याकाळी सातनंतर घरी भेटावे.