गणंग

रात्री अकराला दिवे मालवून आडवं झालं की मला हमखास मटकी आठवते. मग पुन्हा उठायचं, अंधारात चाचपडत डबा शोधायचा, एक वाटी मटकी पातेल्यात ओतायची. दाण्यांचा आवाज अख्ख्या घराला जाग येईल एवढा. आतून प्रश्न येतो, "काय पाडलंस?" काही नाही, परवाची उसळ.

उसळीइतकं सोपं दुसरं काही नाही असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. फक्त ती खायची इच्छा दीड दिवस आधी व्हावी लागते. बटाट्याची भाजी भूक लागल्यावर सुचली तरी चालते. मटकीचं तसं नाही. रात्री भिजत घातली की सकाळी उपसायची, फडक्यात घट्ट बांधायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. एवढ्या वेळात आपण प्रत्यक्ष काम करतो ते जेमतेम पाच मिनिटं. बाकी सगळं पाणी आणि ऊब करते. उन्हाळ्यात संध्याकाळीच मोड डोकावतात. थंडीत मात्र आई पोटली पातेल्यात ठेवून त्यावर बाबांचा जुना स्वेटर गुंडाळायची. बाबांना तो स्वेटर हवा असला तरी आधी मटकीचं काय झालं ते विचारावं लागे.

पोटली सोडायचा क्षण मला अजून आवडतो. मोड कापडाच्या विणीतून बाहेर आलेले असतात, फडकं दाण्यांना सोडतच नाही. उलटं करून हलकेच ओढलं की बारीक टरटर आवाज येतो आणि वाटीभर मटकीची दोन-अडीच वाट्या होऊन ताटात पसरते. वासही वेगळा असतो, ओल्या मातीच्या अंगाचा. एकदा ही पोटली नळाच्या तोटीला टांगून आम्ही लग्नाला कोल्हापूरला गेलो. मे महिना. तीन दिवसांनी परतलो तर दुसऱ्या मजल्यावरच वास आला, आणि शेजारच्या काकूंनी "घरात उंदीर मेलाय बहुतेक" असं निदान करून ठेवलं होतं. आम्हीही उंदरावरच निभावून नेलं.

मोडाच्या मटकीला कुकर दाखवू नये, हे माझं ठाम मत आहे. एका शिट्टीत लगदा होतो. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी, त्यावर मटकी परतायची आणि ताटलीवर पाणी ठेवून वाफ आणायची. ताटलीतलं पाणी गरम झालं की तेच आत. दाणा बोटानं चेपला गेला की मगच आमसूल, गूळ, गोडा मसाला, शेवटी ओलं खोबरं. आमसूल आधी टाकलं तर दाणे शिजायचं मनावर घेत नाहीत, आंबटानं त्यांचं साल कडकच राहतं. हे मी घाईत दोनदा करून पाहिलं आहे.

वालाचं बिरडं मात्र सोपं म्हणवत नाही. भात कापून झाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर रायगडकडे जे कडवे वाल होतात, ते आमच्याकडे श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी लागायचेच. मोड आलेले वाल कोमट पाण्यात सोडायचे आणि चिमटीत धरून दाबायचे. दाबलं की साल मागे राहतं आणि दाणा सुळकन पुढे उडतो. नेम चुकला की थेट फ्रिजखाली. पातेलंभर वाल सोलताना आई, मावशी आणि आम्ही दोघं भावंडं ताटाभोवती बसायचो, तेव्हा कुणाकुणाची लग्नं मोडली नि कोण परीक्षेत नापास झालं हे सगळं मला तिथे कळलं. शिजताना बिरड्यात डाव घालायचा नाही, कढई दोन्ही कानांना धरून हलवायची. दाणा मोडला की आईचा चेहरा उतरायचा.

पौष्टिकपणाचं मला कौतुक आहे, पण जेवताना त्याची चर्चा नको वाटते. शंभर ग्रॅम सुक्या कडधान्यात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, मोड आल्यावर त्यात क जीवनसत्त्व येतं, आणि पोटात वारा धरायला लावणाऱ्या शर्करा थोड्या कमी होतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आमच्या घरी त्याची गरज नव्हती. एकच गोष्ट आवर्जून सांगतो : मटकी कच्ची चावली तर बिघडत नाही, पण राजम्याशी तो खेळ करू नये. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि तो चांगला खळाखळा उकळून मऊ शिजवायचा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यानं उलट्यांनी माणूस आडवा होतो.

आता गणंगाकडे येतो. शंभर दाणे भिजतात, फुगतात, मोड काढतात आणि पाच-सहा जसेच्या तसे राहतात. बारके, चकचकीत, कोरडेठाक. त्यांच्या सालातून पाणी आत शिरतच नाही. भिजलेली मटकी ताटात घेऊन ताट जरा तिरकं केलं की फुगलेले दाणे एकमेकांना धरून बसतात आणि गणंग तेवढे टिणटिण करत घरंगळून येतात. एकही निसटला तर तो नेमका माझ्या दाढेखाली येतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दाढेत भरलेलं सिमेंट असंच उडालं.

तेव्हापासून मी गणंगांवर चिडायचो. पुढे कळलं की शेतातल्या शेंगेच्या दृष्टीनं हे शहाणपण आहे. एखादा अवकाळी पाऊस येतो, सगळे दाणे हुरळून उगवतात आणि पुढच्या उन्हात जळून जातात. तेव्हा मातीत तसेच पडून राहिलेले हे अडेलतट्टू पुढच्या पावसाला कामी येतात. हे वाचल्यावर मला ते कचऱ्यात टाकवेनात. ओट्याच्या कोपऱ्यात एक छोटी वाटी ठेवली आणि त्यात साठवू लागलो. महिन्याभरात तळ झाकला.

परवा रविवारी बायको ओटा पुसत होती. मी आरामखुर्चीत पेपर वाचत.

"या वाटीत काय ठेवलंयस रे?"

"गणंग."

तिनं वाटी उचलली, मग माझ्याकडे पाहिलं.

"घरात एक बसलाय तेवढा पुरे," म्हणाली, आणि वाटी कढीपत्त्याच्या कुंडीत उपडी केली.