फोन झुरळांचा होता

बेळगावच्या वडगावात मंगाईची यात्रा जवळ आली की आमच्या धंद्याची दिवाळी सुरू होते. पाहुणे यायच्या आत झुरळं गेली पाहिजेत, हा प्रत्येक घरचा हट्ट. बाहेर आषाढाची झड, ओली धुणी घरातच दोरीवर, खिडक्या घट्ट बंद, आणि गॅसच्या ट्रॉलीमागं झुरळांचं राज्य. ह्या वर्षीही असाच फोन आला. बाई म्हणाली, "अण्णा, रांगणारं पोर हाय घरात, कुत्रं पण हाय. वास नसलेलं औषध पाहिजे." असं विचारणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं, म्हणून दुसरं काम पुढं ढकलून मी गेलो.

बहुतेकांचं म्हणणं उलट असतं. वास आला नाही म्हणजे औषधच मारलं नाही. मी आता स्वयंपाकघरात फवारा मारतच नाही, जेल लावतो. सिरिंजमधून मसुराएवढा ठिपका, बिजागरीच्या आत, सिंकच्या खाली, फ्रिजच्या मोटरपाशी, जिथं पोराचं बोट पोचणार नाही तिथं. इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के. झुरळ ते खातं, बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं बाकीची खातात आणि तीही जातात. पण त्याच रात्री घरची बाई बाजारातला स्प्रे फसाफसा मारते, जेलवर त्याचा वास बसतो, झुरळं तोंड लावत नाहीत आणि मग मला फोन, "तुमच्या औषधाचा काय उपयोग नाही ओ." छोट्या तांबड्या झुरळाची मादी अंड्यांची पेटी पोटाला लावूनच फिरते, तिच्यात तीस-चाळीस पिल्लं. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत यावं लागतं. ते पैसे काढायला आलेत असं लोकांना वाटतं. वाटू दे.

घरात शिरलो की मी आधी गुडघ्यावर बसतो. झुरळं मला उभ्यानंही दिसतात. रांगणारं पोर आणि कुत्रं ज्या उंचीवरनं घर बघतात ती उंची मला बघायची असते. काय हाताला लागतंय, काय तोंडात जाईल, झुरळांच्या खडूची रेघ कुठं ओढलीय (पोरं तो पाटीवरचा खडू समजून उचलतात, हे आयांना सांगून माझं तोंड दुखलं). माशांची टाकी असेल तर आधी तिचा हवेचा पंप बंद, वर ओला कपडा, कारण फवाऱ्यातलं पायरेथ्रॉइड जातीचं औषध माशांना थेंबानं मारतं. मांजर असेल तर त्याच जातीतलं पर्मेथ्रिन मी पेटीतनंच काढत नाही. कुत्र्याच्या गोचडीचं औषध मांजराला लावून मांजर घालवलेली घरं शहापूरपासून अनगोळपर्यंत मी बघितलीत. मांजराच्या यकृताला ते पचत नाही.

तर त्या घरात मी स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसलो, आणि मधल्या खोलीच्या दाराखालनं वास आला.

कुजका लसूण, आणि त्यात कार्बाइडची झाक. नाक विसरत नाही. निपाणीत तंबाखूच्या गोदामात मी चार हंगाम फ्युमिगेशन, म्हणजे विषारी वायूनं किडे मारायचं काम, केलंय. थप्पीवर ताडपत्रीसारखी जाड शीट पसरायची, कडेनं वाळू भरलेल्या लांब पिशव्या सापासारख्या अंथरून ती दाबून बसवायची, आत गोळ्यांचे ट्रे, आणि मग पाच-सात दिवस तिकडं फिरकायचं नाही, दाराला कवटीचा बोर्ड. तंबाखूच्या किड्याला आम्ही हेच वापरायचो. तिथं टनाला तीन गोळ्या हा हिशेब आमच्या डोक्यात बसवला होता. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची एक गोळी तीन ग्रामची, हवेतला ओलावा लागला की तिच्यातनं एक ग्राम फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. शुद्ध फॉस्फिनला वासच नसतो. वास येतो तो त्याच्यातल्या अशुद्धीचा. म्हणून वास नाही म्हणजे वायू नाही, असं धरून चालत नाही. इथं तर वास होता, आणि बाहेर चार दिवस पाऊस.

"वैनी, आत काय ठेवलंय?"

"तांदळाची टाकी हाय. सोंडे लागलेत म्हणून तात्यांनी गोळ्या घातल्यात. का ओ?"

"बाळ कुठं झोपतं?"

"तिथंच की. पुढची खोली गळायलीय."

बाळ तिच्या कडेवर होतं, मान टाकून. रात्रीपासनं उलट्या. दात यायलेत म्हणून असेल असं घरच्यांनी ठरवलं होतं, शिवाय शेजारणीनं नजरही काढून दिली होती. वैनीचं स्वतःचं डोकं दोन दिवस धरलेलं, ते पावसाच्या खात्यात. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत पहिल्या पाळीला. कुत्रं पावसामुळं आतच बांधलेलं, मघाशी उठताना पाय फाकून पडलं म्हणाली.

मी सगळ्यांना अंगणात काढलं. पुढचं-मागचं दार सताड उघडलं, पण आत गेलो नाही. माझ्या गळ्यातला कापडी मास्क ह्या वायूला काहीच करत नाही, आणि फडक्यानं तोंड बांधून आत घुसणारे हिरो मी निपाणीत बघितलेत. तात्या, म्हणजे तिचे सासरे, म्हणाले, "गोळ्यांवर बादलीभर पाणी मारू काय?" तेवढं सोडून काहीही करा म्हटलं. पाणी लागलं की सगळा वायू एकदम सुटतो.

शेजाऱ्याची गाडी निघाली. मी माझ्या पावतीपुस्तकाचं पान फाडलं आणि पाठीमागं ठळक लिहिलं: "ॲल्युमिनियम फॉस्फाइड. तोंडातून नाही, श्वासातून. दोन-तीन रात्री." आणि वैनीच्या मुठीत दिलं. ह्याच्यावर उतारा नाही, डॉक्टरांना रक्तदाब आणि हृदय सांभाळत बसावं लागतं. उलट्या-जुलाबाचं पोर म्हणून रांगेत बसवलं तर वेळ जातो. ते पान दारातच दाखवल्यावर लगेच आत घेतलं, असं तिनं नंतर सांगितलं.

मग माझे निपाणीचे जुने सुपरवायझर वायू मोजायचं मीटर आणि वायू गाळणाऱ्या कॅनिस्टरचा मास्क घेऊन येईपर्यंत मी आणि तात्या शेजारच्या कट्ट्यावर बसलो. आमच्यासारख्या झुरळवाल्यांना गोळ्यांना हात लावायचा परवानाच नसतो. त्याला वेगळं प्रशिक्षण, म्हैसूरच्या सीएफटीआरआय ह्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी. साध्या माणसाला ही गोळी विकायचीच नाही असा नियम आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्या तर २००१ सालीच बंद झाल्या. तात्यांनी खिशातनं जे दाखवलं ती वर्तमानपत्राची पुडी होती. लाल त्रिकोण नाही, पत्रक नाही, कानडीत नाही, मराठीत नाही. पुडीत दोन गोळ्या उरलेल्या. शर्टाच्या वरच्या खिशात, बिडीच्या शेजारी. त्याही उघड्यावर ठेवायला लावल्या.

"किती घातल्या?"

"सहा. फडक्यात बांधून. दोन क्विंटलाला सहा जास्त होतात काय?"

दोन क्विंटलाला एकसुद्धा लागत नाही. मी तसं म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "गेल्या वर्षी चार घातल्या, तरी सोंडे राहिले."

सोंडे राहणारच. टाकीचं झाकण एका बाजूला चेपलेलं, वर पोतं टाकून दगड ठेवलेला. वायू टाकीत थांबलाच नाही, खोलीत आला. किडे वाचले, खोलीतली माणसं मात्र गोदामात राहिल्यासारखी झाली. सुपरवायझर सर मास्क लावून आत गेले तेव्हा ०.३ पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग वायू) वाजणारं मीटर दाराच्या फटीपाशी, जमिनीलगतच ओरडायला लागलं. तिथंच बाळाची गोधडी होती, आणि तिच्या पायथ्याशी कुत्र्याची साखळी.

कुत्रं त्या रात्री गेलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ह्यानंच गेलं असणार, पण वयही झालं होतं, फाडून बघितल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. कोण फाडतंय. बाळाला दोन दिवस ठेवून घेतलं, छातीला वायरी लावून. शनिवारी घरी आलं.

पुडी देणाऱ्या दुकानात मी मुद्दाम गेलो. काय सांगायचं ते सांगितलं. मालक शांतपणे म्हणाला, "आम्ही ओळखीच्यालाच देतो ओ." म्हणजे ओळखीच्यालाच मारता, असं तोंडावर आलेलं गिळलं. नंतर वाटलं, गिळायला नको होतं. पण हंगामात त्याच्या दारात जी रांग लागते ती मी बघितलीय. त्या रांगेतले सगळे तात्याच असतात, आणि त्यांच्या घरी गोळीला पर्याय सांगायला कुणी जात नाही. तांदूळ कडकडीत वाळवा, झाकण घट्ट बसणाऱ्या पिंपात भरा, जमलं तर भात भातच ठेवा आणि लागेल तसं गिरणीला न्या, टरफलात सोंड्याला सहज शिरता येत नाही. यात काहीच नवीन नाही. तात्यांच्या आईला हे सगळं येत होतं.

तात्यांशी मात्र माझं वाजलं ते वेगळ्याच गोष्टीवरनं. त्यांचं एकच पालुपद, "तीस वर्षं घालालोय. कुणाला काय झालं नाही." आणि ते खोटं नव्हतं. मी त्यांना विचारलं, तीस वर्षांपूर्वी घर कसलं होतं. मातीच्या भिंती, वर कौलं, कणगी मागच्या सोप्यात, आणि माणसं पुढं. कौलांच्या फटीतनं धूर जातो तसा वायूही जात होता. आता पाच वर्षांपूर्वी लेकानं स्लॅब टाकला, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, मागचा सोपा गेला, आणि टाकी मधल्या खोलीत आली. गोळी तीच, घर बदललं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे घर चुकीचं बांधलं म्हण की."

मी हसलो, ते हसले नाहीत. घर बांधायला त्यांचा विरोध होता, हे मला वैनीकडनं नंतर कळलं. आता त्यांच्या दृष्टीनं गोष्ट मिटली: चूक लेकाची. आणि लेकाच्या दृष्टीनं बापाची. मला दोघांच्यात ओढू नका म्हटलं, तरी दोघंही मला फोन करून विचारत होते, "तुम्हीच सांगा."

खरा पेच तांदळाचा झाला. वैनीचं म्हणणं, सगळा तांदूळ नदीत टाका. तात्यांचं म्हणणं, घरचा बासमती आहे, पिकवायला कंबर मोडते. आणि मला विचारलं. मी जे खरं आहे ते सांगितलं: आपण रेशनचा जो तांदूळ खातो तोही गोदामात ह्याच वायूखाली राहिलेला असतो. वायू उडून जातो, दाण्यात घर करून बसत नाही. पण गोळीची जी करडी पूड उरते ती दाण्यात मिसळता कामा नये. फडकी सरांनी उचलली तेव्हा एकाची गाठ सुटलेली होती. त्याच्या आसपासचा घमेलंभर तांदूळ काढून टाकायला लावला. बाकीचा पडवीत, उघड्या हवेत, पोत्यांवर पसरून ठेवा, वासाचा मागमूस जाईपर्यंत. मग खायला हरकत नाही.

"तुमच्या पोराला घालशीला काय?" वैनीनं विचारलं.

मी "व्हय" म्हटलं, पण जरा थांबून. तेवढं थांबणं तिनं बरोबर धरलं. तेव्हापासून मी स्वतःला विचारतोय, मी का थांबलो? गाठ सुटलेलं फडकं आठवलं म्हणून? की धंद्यात दुसऱ्याच्या घरी जे छातीठोक सांगतो ते आपल्या ताटात आलं की माणूस आपोआप थांबतो? शास्त्र मला पाठ आहे. रेशनच्या तांदळाचं पोतं मी घरी न बघता उतरवून घेतो.

यात्रेच्या मंगळवारी त्यांनी जेवायला बोलावलं. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. मटण, पांढरा-तांबडा रस्सा, आणि वर बासमतीचा भात, तोच. तात्या माझ्या शेजारीच बसले होते आणि त्यांनी आधी माझ्या ताटाकडं बघितलं. मी खाल्ला, दुसऱ्यांदाही घेतला. दाणा मोकळा, वास असा की वाढपी दारात असतानाच कळावं. पाहुणे वाखाणत होते. तात्या प्रत्येकाला सांगत होते की ह्या वर्षी सोंडा एक नाही.

पंगत उठल्यावर बायका बसल्या. हात धुवून येताना बघितलं, वैनीच्या ताटात भाकरी होती, आणि मांडीवरच्या पोराला ती शेजारणीकडनं आणलेली नाचण्याची पेज भरवत होती. मी तिला जेलच्या दुसऱ्या खेपेची तारीख सांगितली आणि निघालो.