तुम्ही विचारलंत म्हणून: गवती चहाच्या तेलाने डास जातात का?

आमच्या शेतात थोडा गवती चहा आणि सिट्रोनेला (त्याच्याच जातीचं वासाचं गवत) आहे, त्याचं तेल आम्ही काढतो हे कळलं की पाहुणे असोत नाहीतर गिऱ्हाईक, प्रश्न ठरलेला, याने डास खरंच जातात का हो, मग ते केमिकलवालं क्रीम बंद करू का?

जातात. पण थोडाच वेळ, आणि हे "थोडाच वेळ" मी प्रत्येकाला सांगते कारण बाटलीवर ते कुणी छापत नाही.

डास आपल्याला शोधतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर, घामाच्या वासावर आणि अंगाच्या उबेवर. सिट्रोनेलातलं सिट्रोनेलाल, जिरॅनिऑल, गवती चहातलं सिट्राल, यांच्या वासाने त्याचा हा माग बिघडतो, म्हणजे डास मरत नाही, फक्त लांब राहतो. आणि जे तेल वाफेबरोबर उडतं म्हणूनच आपण ते भट्टीवर गवतातून काढू शकतो तेच तेल हातावरूनही तसंच उडून जातं, त्याला इलाज नाही. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक तुलना छापून आली होती, लोकांनी डासांच्या पिंजऱ्यात हात घालून बघितलं, तर २३.८ टक्के डीट (डासांना लांब ठेवणारं रसायन) असलेलं औषध सरासरी ५ तास टिकलं आणि सिट्रोनेलावाली सगळी २० मिनिटांच्या आत संपली. नारळाच्या तेलात मिसळलं की उडणं जरा मंदावतं, पण रात्रभर वगैरे विसरा. संध्याकाळी अंगणात बसायचंय, झाडांना पाणी घालायचंय, तेवढ्यापुरतं लावा, परत लावा, मला स्वतःला ते फार आवडतं.

एका तेलाचं मात्र वेगळं आहे, लेमन युकॅलिप्टस, म्हणजे लिंबाच्या वासाची निलगिरी. त्यापासून पीएमडी नावाचा घटक तयार करतात, तो बराच वेळ टिकतो आणि अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी त्याची शिफारस करते. पण दुकानात "निलगिरी तेल" म्हणून मिळतं ते हे नव्हे, त्यावर विसंबू नका.

दुसरा प्रश्न फरशीचा. बादलीत चार थेंब टाकले की जंतू मरतात ना? लॅबमध्ये मरतात हे खरंय, लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, सिट्राल हे जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यालाच भोकं पाडतात आणि आतलं बाहेर गळतं, डेंटिस्ट लोक लवंगेचं तेल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दातात भरतात ते काही उगाच नाही. पण तिथे तेल थेट जिवाणूला भिडतं, पुरेशा प्रमाणात भिडतं. बादलीभर पाण्यात चार थेंब नुसते वर तरंगतात हो. वास छान येईल, जंतूंसाठी साबण किंवा फिनाईलच वापरा. जखमेवर तर हे तेल अजिबात घालू नका.

अंगाला लावताना नुसतं कधीच नाही, चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब, आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा, लाल झालं तर सोडून द्या. पोटात घेणं तर नाहीच, निलगिरीचं तेल मुलांनी थोडं जरी प्यायलं तरी झटके येऊ शकतात, बाटली कपाटात वर ठेवा.

आणि डेंग्यूची साथ असेल तेव्हा कृपा करून नॅचरलचा हट्ट नको. तो डास दिवसा चावतो, घरातल्याच स्वच्छ पाण्यात होतो, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा कोरडी करा आणि डीट किंवा पिकारिडिन (तसंच दुसरं रसायन) असलेलं क्रीम लावा, माझ्याकडून तेल नाही घेतलंत तरी चालेल. तान्ह्या बाळाला यातलं काहीच नको, ना माझं तेल ना कापूर घातलेलं कुठलं मलम, त्याला सरळ मच्छरदाणीत झोपवा, दुपारी सुद्धा.