निळा वाला विचार

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर मला माझाच एक मेसेज सापडला, १४ मार्चचा, रात्री ११.४० चा. 'निळा वाला विचार'. बास. आता यातलं 'विचार' म्हणजे कोणाला तरी जाऊन विचारायचं होतं, की मला त्या रात्री एखादा निळ्या रंगाचा विचार सुचला होता, हेही कळेना. पण लिहिताना मला शंभर टक्के खात्री असणार की हे वाचलं की लगेच आठवेल.

तर हा मेसेज माझ्या एकटीच्या ग्रुपमधला. नाव 'किराणा'. ग्रुप करायला कोणीतरी दुसरं लागतं म्हणून ताईला घेतलं आणि पाचव्या सेकंदाला काढून टाकलं, त्याचे टोमणे ती अजून मारते. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपनेच स्वतःला मेसेज करायची सोय दिली, म्हणजे माझ्यासारख्या एकलकोंड्या ग्रुप अ‍ॅडमिन बऱ्याच असणार. पण मी काही हललेय का? माझं सगळं 'किराणा'तच आहे, बाबांच्या चष्म्याचा नंबर, गॅसचा कन्झ्युमर नंबर, लाइटच्या मीटरचे फोटो, आणि मी जन्मात करणार नाही अशा तेवीस रेसिपी.

असं नाही की नीट अ‍ॅप वापरून बघितली नाहीत. ट्रेलोवर घरकामाचा बोर्ड केला होता, तीन रकाने, करायचंय, चालू आहे, झालं. 'चालू आहे'मध्ये 'माळा आवरणे' दोन वर्षं चालू होतं आणि 'झालं'मध्ये एकच गोष्ट होती, 'ट्रेलो लावणे'. मग गूगल कीप. ते मात्र मला मनापासून आवडतं कारण चौकोनावर टिक केली की त्या कामावर रेघ येते आणि ते खाली जाऊन बसतं, आणि त्या रेघेत इतकं सुख आहे की मी आधीच करून झालेली कामं सुद्धा यादीत लिहिते आणि लगेच टिक करते. दात घासले, टिक. (हसू नका, तुम्हीही करत असाल.) फक्त दुकानात उभी असताना कीप उघडायचं आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅप काय, दिवसभर उघडंच असतं.

पोमोदोरोही झालं. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकात, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून अभ्यास केला, पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, असे चार झाले की मोठी सुट्टी. आता ५ मिनिटांत आपल्याकडे चहाला उकळी तरी येते का? आलं ठेचेपर्यंतच संपतात. आणि खरं सांगू का, स्वयंपाकघरातलं टायमर लावून काम करायला आम्हाला इटलीहून कोणी शिकवायची गरज नव्हती, डाळीच्या चार शिट्ट्या होईपर्यंत मी जेवढ्या मेल्स उरकते तेवढ्या एरवी दिवसभरात होत नाहीत. मीटिंगमध्ये असले तरी कान तिकडेच. एकदा म्यूट करायचं राहिलं आणि मी जोरात विचारलं, "आई, किती झाल्या?" तर पलीकडून साहेब म्हणाले, "तीन."

आईचं सगळं कालनिर्णयवर. फ्रिजच्या बाजूच्या खिळ्याला, दोरीने बांधलेलं बॉलपेन. दूध जास्त घेतलं की चौकटीत '+½', नाही घेतलं की फुली, सिलिंडर लावला की 'ग' भोवती गोल, बाई आल्या नाहीत की 'बा' आणि बाजूला उद्गारचिन्ह. महिन्याच्या शेवटी उभ्या उभ्या दोन मिनिटांत हिशोब, दूधवाल्याची बिशाद नाही एक पिशवी जास्त लावायची. कालनिर्णय १९७३ पासून निघतंय आणि आई त्याची जुनी वर्षंही फेकत नाही, गादीखाली असतात. मी तिच्या फोनवर कालनिर्णयचं अ‍ॅप टाकून दिलं तर तिने कौतुकाने बघितलं, चतुर्थी कधी ते बघितलं, आणि म्हणाली, "छान आहे गं, पण बॉलपेन कुठे बांधू?"

तर त्या निळ्याचं. शेवटी आईलाच विचारलं, मार्चमध्ये आपल्याकडे निळं काय होतं? ती हात पुसत आली, पानं उलटली, १५ तारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं. 'पड. निळा?'

"अगं, पडदेवाला. निळा वाला आहे का ते विचार म्हटलं होतं तुला. तू कुठे विचारतेस. मग मीच हिरवे शिवून घेतले."

मी हॉलमध्ये जाऊन बघितलं. हिरवे.

"कधी लावले?"

आईने एप्रिलचं पान काढलं.